रोप लावणे आणि रोप जगवणे : भांडुप-विक्रोळीतील हरित कार्यक्रम व युवक प्रशिक्षणाबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा उपक्रम नेमका काय आहे?

भांडुप, कांजूरमार्ग आणि विक्रोळी या महानगरपालिकेच्या एस विभागातील वस्त्यांमध्ये आम्ही काही रहिवासी मिळून दोन कामे एकत्र चालवतो. पहिले काम रविवार सकाळच्या सामूहिक कार्यक्रमांचे आहे. त्यांत खड्डे खणणे, रोपे लावणे, पाणी साचावे म्हणून रोपांभोवती आळी करणे, ओल्या कचऱ्याच्या खताचे ड्रम भरणे आणि झाडांच्या खोडांत ठोकलेले खिळे काढणे ही कामे होतात. दुसरे काम प्रशिक्षणाचे आहे. अठरा ते तीस वयाच्या मुलामुलींना बागकाम, रोपवाटिका, खतनिर्मिती आणि सौरऊर्जा या क्षेत्रांतील कामे शिकवून आम्ही रोजगारापर्यंत नेण्याचा प्रयत्न करतो. सुरुवातीला ही दोन्ही कामे वेगवेगळी चालत असत. जुलैत रोप लावायला शंभर हात येतात आणि मार्चमध्ये त्याच रोपाला पाणी घालायला कोणी फिरकत नाही, हे दोन-तीन उन्हाळे पाहिल्यावर ती एकत्र आली. मार्चचे काम हौसेवर होत नाही. ते शिकलेल्या माणसाने, नेमाने आणि मोबदला घेऊन करायचे काम आहे.

मुंबईत झाडे खरोखर कमी आहेत का? नॅशनल पार्क तर शेजारीच आहे.

महानगरपालिकेच्या वृक्षगणनेत शहरात सुमारे 29 लाख 75 हजार झाडे नोंदली गेली. 2011 च्या जनगणनेतील सुमारे 1 कोटी 24 लाख लोकसंख्येशी हा आकडा ताडून पाहिला, तर साधारण चार माणसांमागे एक झाड येते. मात्र खरा प्रश्न वाटणीचा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याची हद्द भांडुप पश्चिमेच्या डोंगरवस्तीला अगदी लागून आहे, तरीही त्याच वस्तीतल्या गल्ल्यांत दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जाताना अंग चोरावे लागते, आणि तिथे पत्र्याच्या छपराखाली एप्रिलच्या दुपारी घरात बसवत नाही. जंगल पाचशे पावलांवर असले म्हणून त्या घरावर सावली पडत नाही.

मार्च 2022 मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्यात 2050 पर्यंत शहराचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यातील सहा क्षेत्रांपैकी एक शहरी हरितीकरण व जैवविविधतेचे आहे. आराखडे कागदावर चांगलेच असतात. गल्लीत झाड लावायला जागा नसेल तर शाळेचे आवार, सार्वजनिक नळाजवळचा कोपरा, व्यायामशाळेची भिंत आणि घराच्या कठड्यावरचे रंगाचे रिकामे डबे यांतून काय साधते हे तिथेच उभे राहून पाहावे लागते, आणि आमचे बरेचसे रविवार त्यातच जातात.

कार्यक्रमांना कोण येऊ शकते?

कोणीही येऊ शकते. चौदा वर्षांखालील मुलांनी पालकांसोबत यावे, अठरा वर्षांखालील मुलांनी पालकांचे संमतिपत्र आणावे. लहान मुलांना बिया पेरणे, पाणी घालणे, नोंदी लिहिणे अशीच कामे दिली जातात. पहार आणि कोयता त्यांच्या हाती दिला जात नाही. ज्येष्ठ नागरिक आवर्जून येतात आणि त्यांचा उपयोगही मोठा होतो, कारण कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या आजोबांनी आयुष्यात जितकी कलमे बांधली आहेत तितकी आमच्या प्रशिक्षकांनीही बांधलेली नाहीत.

वर्षभराचे वेळापत्रक कसे असते? 5 जूनला वृक्षारोपण का करत नाही?

जागतिक पर्यावरण दिन 1973 पासून 5 जूनला साजरा होतो, परंतु मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख 11 जून आहे. पाचला लावलेल्या रोपाला आठवडाभर, आणि पाऊस लांबला तर पंधरा-वीस दिवस, भट्टीसारख्या उन्हात उभे राहावे लागते. त्यामुळे त्या दिवशी आम्ही फक्त खड्डे तपासतो, माती कालवतो आणि रोपवाटिकेतील रोपे सावलीतून हळूहळू उन्हात काढतो. लागवड पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे बहुधा जूनच्या शेवटी सुरू होते. 1950 पासून देशभर जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होणारा वनमहोत्सव आमच्या कामाशी जास्त जुळतो.

ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तण काढणे, कलंडलेली रोपे सरळ करणे आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे ही कामे असतात. ऑक्टोबरच्या उन्हापासून मेअखेरपर्यंत पाणी घालायचे. हा आठ महिन्यांचा काळ छायाचित्रांत कधीच दिसत नाही, आणि रोपे मरतात ती याच काळात. हिवाळ्यात राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महानगरपालिकेचे झाडे-फुलांचे प्रदर्शन भरते, तेव्हा प्रशिक्षणार्थींची एक तुकडी तिथे नेली जाते. बिया ज्या त्या झाडाच्या हंगामाप्रमाणे गोळा केल्या जातात.

लागवडीची पद्धत काय आहे?

खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू दिला जातो. तो दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असतो. डोंगराच्या बाजूला मुरूम लागतो, तिथे पहारीशिवाय हात चालत नाही. खाडीच्या बाजूला बहुतेक ठिकाणी भरावाची जमीन असल्यामुळे खड्ड्यातून डेब्रिज निघते: विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, क्वचित एखादी चप्पल. ते पुन्हा खड्ड्यात लोटण्याचा मोह नव्या स्वयंसेवकाला हमखास होतो. त्याऐवजी ते गोणीत भरून बाजूला काढावे आणि लाल माती, चांगले कुजलेले शेणखत व मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड यांचे मिश्रण भरावे.

रोप लावताना पिशवी ओढून फाडू नये. ब्लेडने उभी चिरावी आणि मातीचा गोळा दोन्ही तळव्यांवर उचलावा. पिशवीच्या तळाशी मुळे चकलीसारखी गोल फिरलेली दिसली तर तो वेढा धारदार सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, कापून टाकावा. नाहीतर मुळे जमिनीतही तशीच गोल वाढत राहतात आणि दहा वर्षांनी वादळात झाड मुळासकट उलथते. 17 मे 2021 च्या तौक्ते चक्रीवादळानंतर रस्त्यांवर आडव्या पडलेल्या झाडांची बुडे ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. अनेक झाडांना चारही बाजूंनी सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक भिडलेले होते आणि मुळे पसरायला जागाच नव्हती. खोडाभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवण्याबद्दल आम्ही हट्ट धरतो तो यासाठी.

रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवावे. जास्त खोल पुरले तर खोड बुडाशी कुजते. आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला रोवावी, सुतळीची गाठ सैल बांधावी आणि आळ्यात वाळलेल्या पानांचे आच्छादन पसरावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये.

संरक्षक जाळीबद्दल एक अनुभव सांगण्याजोगा आहे. एका रस्त्यावरच्या ताम्हणीला कोणीतरी फार पूर्वी लोखंडी जाळी बसवली होती आणि ती काढायची राहून गेली. खोड वाढत गेले, वरची कडी सालीत रुतली आणि सालीने ती गिळून वर ओठासारखी वळी चढवली. आमच्या तीन मुलांनी हॅकसॉ ब्लेडने ती कडी कापून काढायला पूर्ण दुपार घेतली. शेवटचा तुकडा काढता आला नाही, तो अजून झाडाच्या पोटात आहे. तेव्हापासून जाळी बसवली की ती कधी काढायची तो महिना आम्ही नोंदवहीत लिहितो.

कोणती झाडे लावता? गुलमोहर का लावत नाही?

गुलमोहराशी आमचे वैर नाही. मे महिन्यात तो फुलतो तेव्हा आम्हीही मान वर करून पाहतो. परंतु तो मूळचा मादागास्करचा आहे, त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि पावसाळी वाऱ्यात त्याच्या फांद्या लवकर मोडतात. इथल्या पाखरा-कीटकांना त्याचा स्थानिक झाडांइतका उपयोग होत नाही. मुंबईच्या रस्त्यांवर मोठी सावली धरणारा वर्षावृक्षही परदेशी आहे, आणि गेल्या दीड दशकात पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने शहरातले अनेक वर्षावृक्ष वाळले. एकाच जातीची रांग लावली की एकच कीड सगळी रांग संपवते, हा धडा त्यातून मिळाला.

रस्त्याकडेला आम्ही करंज, बकुळ, ताम्हण आणि बहावा लावतो. ताम्हण हे राज्याचे फूल आहे आणि रुंद नसलेल्या पदपथावरही ते नीट वाढते. शाळेच्या आवारात कदंब आणि सीताअशोक चालतात, खाडीकडच्या खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि भेंड टिकतात. वड, पिंपळ आणि उंबर यांना मोकळे मैदान हवे. इमारतीच्या गच्चीवर किंवा गटाराच्या भिंतीत ते आपोआप उगवतात तेव्हा लोक आम्हाला बोलावतात. अशी रोपे लहान असतानाच मुळासकट सोडवून, कुंडीत वाढवून, योग्य जागी नेता येतात आणि हे काम प्रशिक्षणार्थींना फार आवडते.

डोंगरउतारावर झाडे लावली तर दरड कोसळणे थांबेल का?

18 जुलै 2021 रोजी चेंबूरजवळ माहुल येथे आणि विक्रोळीत सूर्यनगर येथे झालेल्या दुर्घटनांनंतर हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. वाळ्यासारखे गवत आणि खोल मुळांची झुडपे वरची माती धरून ठेवतात, पावसाच्या धारेने होणारी धूप कमी करतात. मात्र उभा कापलेला उतार, त्यावर साचणारे पाणी आणि खचलेली संरक्षक भिंत यांवर झाड हा उपाय नाही. तिथे पाण्याचा निचरा, भिंत आणि गरज असेल तर स्थलांतर हेच उपाय आहेत. झाडे लावल्यामुळे वस्ती सुरक्षित झाली असा समज पसरू नये म्हणून धोकादायक उतारांवर आम्ही कार्यक्रम घेत नाही.

मियावाकी वन का करत नाही?

2020 पासून महानगरपालिकेने शहरात अनेक भूखंडांवर जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीची दाट वने केली आहेत. बंदिस्त, पाण्याची सोय असलेल्या आणि दोन-तीन वर्षे निगा राखली जाईल अशा जागेसाठी ही पद्धत योग्य आहे. आमच्याकडच्या जागा बहुतेक अरुंद पट्ट्या आहेत आणि वस्तीतल्या लोकांना झाडाखाली बसायला, कपडे वाळत घालायला, पत्ते खेळायला जागा लागते. दाट वनात कोणी बसू शकत नाही.

खाडीकिनारी तिवरे लावण्याचा कार्यक्रम घ्याल का?

नाही. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून 2015 मध्ये अधिसूचित झालेला भाग 2022 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची खाजणे ओसाड दिसतात, पण रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, ते ताट आहे. तिथे हौसेने रोपे खोचली तर ते ताटच काढून घेतल्यासारखे होते. शिवाय भरती-ओहोटीचे पाणी खेळते राहिले तर तिवरे स्वतःहूनच रुजतात. तिवरांच्या जंगलांची, म्हणजे कांदळवनांची, जबाबदारी 2012 मध्ये स्थापन झालेल्या वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आहे. त्यांच्या परवानगीने आम्ही प्लास्टिक आणि थर्माकोल वेचण्याचे कार्यक्रम घेतो. त्यासाठी गमबूट सक्तीचे आहेत आणि वेळ भरतीच्या कोष्टकाप्रमाणे ठरते, आमच्या सोयीप्रमाणे नाही.

आमच्या सोसायटीत कार्यक्रम घ्यायचा आहे. परवानगी लागते का?

खासगी आवारात नवे रोप लावायला सोसायटीच्या समितीचा ठराव पुरतो. गच्चीवर कुंड्या ठेवायच्या असतील तर आधी गळती तपासून घ्यावी आणि पाण्याच्या टाकीशेजारी वजनदार ड्रम ठेवू नयेत. परंतु आवारातले झाड तोडायचे किंवा त्याच्या फांद्या छाटायच्या असतील तर झाड सोसायटीचे असले तरी परवानगी लागते. 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम खासगी आवारालाही लागू आहे, आणि 2021 च्या सुधारणेनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. अर्ज विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे करावा. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या सोसायट्या एकदम जाग्या होतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज केलेला बरा. रस्ता, पदपथ किंवा महानगरपालिकेच्या मैदानात रोप लावण्यासाठीही याच खात्याची परवानगी घ्यावी लागते. फांदी मोडून लोंबकळत असेल तर 1916 या क्रमांकावर कळवावे. स्वतः शिडी लावू नये.

प्रशिक्षणात काय शिकवले जाते?

प्रशिक्षण तीन महिन्यांचे असून वर्ग शनिवार-रविवारी भरतात, कारण निम्म्याहून अधिक मुले आठवड्यात डिलिव्हरीचे, दुकानातले किंवा घरचे काम करत असतात. पहिला महिना मातीत जातो: माती ओळखणे, कुंडी भरणे, बी पेरणे, छाट कलम, गुटी कलम आणि डोळा भरणे, पाणी किती आणि कधी घालायचे. दुसऱ्या महिन्यात छाटणी, कीड-रोग, लॉनची निगा, ठिबकच्या नळ्या आणि ओल्या कचऱ्याचे खत हे विषय असतात. तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाला एक ठिकाण नेमून दिले जाते आणि त्याची पूर्ण जबाबदारी सोपवली जाते.

छाटणीवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. शहरात फांदी बुंध्याशी सपाट तासण्याची किंवा मधेच बोडकी सोडण्याची वाईट सवय पडली आहे. जाड फांदी तीन कापांत उतरवायची असते: आधी खोडापासून थोड्या अंतरावर खालून खाच, मग तिच्या किंचित पुढे वरून काप, म्हणजे फांदीचे वजन उतरते आणि साल खोडापर्यंत सोलली जात नाही, शेवटी राहिलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वळीच्या बाहेर कापायचा. झाड जखम भरते ती त्या वळीतूनच. एका मुलीने पहिल्यांदा हे नीट केले तेव्हा करंजाचा तो काप पुढचे दोन महिने ती दर रविवारी बोटाने चाचपून पाहत होती. कडेने नवी साल आत सरकू लागली तेव्हा तिने सगळ्यांना बोलावून दाखवले. उंचावर चढून, दोर आणि पट्टा लावून करायची छाटणी मात्र आम्ही शिकवत नाही. ते वेगळे कौशल्य आहे.

शुल्क किती आहे? विद्यावेतन मिळते का?

शुल्क नाही. तिसऱ्या महिन्यात नेमून दिलेल्या कामाचा मोबदला दिला जातो, कारण त्या कामाचा सोसायटीला किंवा शाळेला फायदा होत असतो आणि शिकाऊ आहे म्हणून फुकट राबवणे आम्हाला पटत नाही. याखेरीज राज्य शासनाच्या 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 18 ते 35 वयोगटासाठी बारावी उत्तीर्णांना दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. ती योजना आमची नव्हे. अर्ज शासनाच्या संकेतस्थळावरच करावा आणि तो भरून देण्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

प्रमाणपत्राचा उपयोग होतो का? पुढे काय शिकता येईल?

आमचे प्रमाणपत्र शासकीय नाही. ते फक्त काय शिकलात आणि किती तास काम केले हे सांगते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या वार्षिक 120 तासांसाठी त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्याने मान्य केल्यास हे तास दाखवता येतात.

औपचारिक शिक्षणाचे मार्ग बरेच आहेत आणि ते आमच्यापेक्षा भक्कम आहेत. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत फलोद्यान तसेच पुष्पोत्पादन व उद्यानरचना हे ट्रेड आहेत. प्रवेशाआधी ते कोणत्या केंद्रात चालू आहेत हे पाहून घ्यावे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी पदविका नोकरी सांभाळून करता येतात. विजेच्या कामाची आवड असणाऱ्यांसाठी सौर तंत्रज्ञाचा ट्रेड किंवा केंद्राचा सूर्यमित्र कार्यक्रम आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेतून एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचे लक्ष्य जाहीर झाले, तेव्हापासून ही आवड आमच्या मुलांत वाढलेली दिसते. 2015 मध्ये स्थापन झालेली हरित रोजगारांसाठीची कौशल्य परिषद या क्षेत्रातल्या कामांचे निकष ठरवते, आणि तिच्या मूल्यमापनाला नोकरी देणारे अधिक किंमत देतात.

नोकरीची हमी आहे का?

नाही, आणि जो प्रशिक्षणवर्ग अशी हमी देतो त्याच्यापासून सावध राहावे. उद्यानांच्या देखभालीची बरीच कामे कंत्राटावर चालतात, काही मोठ्या गृहसंकुलांत, रोपवाटिकांत, हॉटेलांत आणि कार्यालयांत असतात, आणि काही मुले दोघा-तिघांत मिळून सोसायट्यांची महिन्याची कामे घेतात. नोकरी पत्करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: किमान वेतन मिळते का, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मिळेल का, राज्य कामगार विम्याचे कार्ड मिळेल का, आणि पगार बँकेत जमा होतो की हातात. आमच्या एका विद्यार्थ्याला एका कंत्राटदाराने चार महिने निम्मा पगार रोखीने दिला आणि निधी कापल्याचे तोंडी सांगत राहिला. खात्यात काहीच जमा नव्हते. त्या अनुभवानंतर तिसऱ्या महिन्यात पगारपत्रक वाचायला शिकवण्याचा एक तास आम्ही वाढवला.

मुलगा बारावी झाला आहे. त्याने माळीकाम करायचे का?

हा प्रश्न पालक विचारतात आणि बहुतेकदा मुलगा समोर बसलेला असतो. शहरातली माळ्याची कामे फार काळ हलकी मानली गेली आणि पगारही तसाच दिला गेला, हे खरे आहे. पालकांची शंका चुकीची नाही. पण शंभर सदनिकांच्या संकुलातील ठिबक योजना, खताचा प्रकल्प आणि दीडशे झाडांची नोंद एकटा सांभाळणारा माणूस पूर्वीच्या अर्थाने माळी राहत नाही, आणि त्याच्या कामाची किंमत तो स्वतः ठरवू शकतो. तीन महिन्यांनंतर मुलाला हे काम नको वाटले तर त्यात काही बिघडले नाही. काही मुले सौर पॅनेलकडे वळतात, एकजण पक्षी पाहता पाहता निसर्गवाटांवर लोकांना नेऊ लागला, आणि काहीजण परत आपापल्या जुन्या कामाला लागतात.

मुलींसाठी वेगळी व्यवस्था आहे का?

वर्ग एकत्रच असतात. ठिकाणे मात्र स्वच्छतागृह जवळ असेल अशीच निवडली जातात आणि काम संध्याकाळी सहाच्या आत संपते. पहार पेलत नाही हा गैरसमज पहिल्या रविवारीच दूर होतो. वस्तीत डोक्यावरून पाणी आणणाऱ्या मुलीला खड्डा खणणे काही अवघड नसते.

सुरक्षिततेची काळजी कशी घेतली जाते?

हातमोजे आणि बंद बूट आवश्यक आहेत. चपलेवर आलेल्या व्यक्तीला फक्त नोंदवहीचे काम मिळते. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरावे लागले आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून त्या दिवशी जखम झाकूनही पाण्यात उतरू नये आणि नंतर ताप आल्यास डॉक्टरांना पाण्यात काम केल्याचे सांगावे. साप दिसला तर काम थांबवून अंतर ठेवावे आणि सर्पमित्राला बोलवावे. मारू नये, पकडूही नये.

आमच्या कंपनीला एका दिवसात हजार झाडे लावायची आहेत. मदत कराल का?

2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 मुळे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करावा लागतो, आणि मार्चपूर्वी हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. हजार झाडांना आमच्याकडे जागा नाही. पन्नास झाडे आणि त्यांच्या तीन वर्षांच्या निगेसाठी दोन मुलांचा पगार असा प्रस्ताव असेल तर आनंदाने बसून बोलू. टी-शर्ट, फलक आणि फुगे आणू नयेत. एका रोपाला दहाजणांनी हात लावलेले छायाचित्र काढायचे असेल तर तेवढे जरूर काढावे, फक्त रोप उन्हात फार वेळ धरू नये.

लावलेले रोप मेले तर काय करता?

दरवर्षी मेअखेर प्रत्येक रोप पाहून नोंद केली जाते आणि मेलेल्यांची यादी कारणासह सूचनाफलकावर लावली जाते. एका वर्षी एका प्रायोजकाच्या आग्रहाखातर आम्ही रस्त्याकडेची लागवड केली. भाषणे लांबली, रोपे टेम्पोतच दुपारपर्यंत तापली, आणि पुढच्या फेब्रुवारीत पाण्याच्या टँकरचे बिल कोणी द्यायचे यावर वाद होऊन टँकर बंद झाला. निम्म्याहून अधिक रोपे गेली. चूक आमचीही होती, कारण पाण्याची लेखी तजवीज न करता आम्ही होकार दिला होता. आता पाण्याचा स्रोत, तो उघडणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याच्या रजेच्या दिवशी कोण येणार हे ठरल्याशिवाय खड्डा खणला जात नाही.

पहिल्यांदा येताना काय आणावे आणि कसे पोहोचावे?

पाण्याची बाटली, टोपी, जुने कपडे आणि बंद बूट आणावेत. अवजारे आमच्याकडे आहेत. रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणून काम सकाळी सात वाजता सुरू होऊन साडेदहाला संपते आणि ब्लॉकपूर्वी परतीची लोकल मिळते. मुसळधार पाऊस असला तरी लागवड होते. रेड अलर्ट जाहीर झाला असेल तरच कार्यक्रम पुढच्या रविवारी ढकलला जातो. संपल्यावर चहा आणि वडापाव मिळतो. चहाचा कप मात्र घरून आणावा, कागदी कप आम्ही ठेवत नाही.